दगडावर लागलेलं नाव

मी एक जुनी लेव्हल आहे, मित्रांनो. जमिनीचा चढउतार मोजणारी, तीन पायांच्या घोडीवर बसणारी पितळेची दुर्बीण. हल्ली बुलढाण्यात एका बंद पडलेल्या पाणी-संस्थेच्या कपाटात, सगळ्यात खालच्या फळीवर मी पडून असते. माझ्या पेटीत झुरळांनी संसार थाटला आहे. तुम्हाला माझी दया येईल, पण जरा थांबा. आधी माझी गोष्ट ऐका आणि मग दया कोणावर करायची ते ठरवा.

माझा जन्म कलकत्त्याच्या एका कारखान्यात झाला. माझ्या अंगावर काचेची एक छोटी नळी आहे आणि तिच्यात एक बुडबुडा आहे. तो मधोमध आला की माझी नजर अगदी आडव्या रेषेत जाते. समोर लांबवर आकड्यांची पट्टी धरून एक माणूस उभा राहतो आणि पाहणारा माझ्यातून तो आकडा वाचतो. माझ्यात आणखी एक गोष्ट आहे. माझ्यातून माणूस उलटा दिसतो, डोकं खाली आणि पाय वर. जुन्या लेव्हली सगळ्या अशाच असतात. सवयीच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. नवख्याची मात्र फजिती होते, आणि खरं सांगते, ती पाहायला मला फार आवडायचं.

महाराष्ट्र राज्य होऊन चार वर्षं झाली होती. रोहिणखेडच्या बाजूला एका नाल्यावर मातीचा बांध घालायचं आमच्या संस्थेने ठरवलं. त्यासाठी कामाचा प्रमुख हवा होता. अट एकच होती, लेव्हलवर काम केल्याचा पाच वर्षांचा अनुभव. तिघे जण मुलाखतीला आले. दोघांच्या हातात दाखले होते. तिसरा पुंजाजी, त्याच भागातला मातीकामाचा मुकादम. त्याच्या हातात टोपी होती.

पुंजाजीने तोवर चौदा कामं उभी केली होती. साहेब बदलत, पुंजाजी तोच राही. पण काम पुरं झालं की सांडव्याजवळच्या दगडावर नाव लागायचं ते साहेबाचं. सांडवा म्हणजे तलावातलं जादा पाणी वाहून जायची वाट. पुंजाजीची बायको मनकर्णाबाई त्या चौदाही कामांवर मातीची टोपली वाहत आली होती. एका तरी दगडावर नवऱ्याचं नाव लागलेलं पाहायचं, एवढं एकच तिच्या मनात होतं. म्हणून तिने त्याला मुलाखतीला पाठवलं होतं.

संस्थेचे अध्यक्ष भगवानराव मोठे जमीनदार. त्यांनी मला खिडकीत मांडायला लावलं आणि पुंजाजीला म्हणाले, पाहा बरं, काय दिसतं. पुंजाजीने डोळा लावला. बराच वेळ पाहिलं.

"मालक, माणूस उलटा दिसून राह्यला. यंत्र बिघडलं वाटते."

सगळी खोली हसली. चहा घेऊन आलेला शिपाईसुद्धा हसला. मीही मनातल्या मनात हसून घेतलं.

हसणं थांबल्यावर पुंजाजी शांतपणे बोलला. "हे मले येत नाही, मालक. येते म्हणून खोटं सांगत नाही. पाहणारा माणूस तुमी द्या. पण त्यानं इकून मोजलं का मी तिकूनबी मोजाले लावीन. दोन्ही आकडे जुळले तरच माती पडन. चौदा कामं अशीच केली."

मग भगवानरावांनी तिघांनाही विचारलं, ऐन चैत्रात मजूर काम सोडून जातात, त्याला काय कराल? दाखलेवाल्यांपैकी एक म्हणाला, नोटीस लावू. दुसरा म्हणाला, हजेरी कडक करू. पुंजाजी म्हणाला, पहिल्या दिवशी पाण्याचे रांजण आणि लेकरांच्या झोळ्यांसाठी सावली करू. बाया टिकल्या की गडी कुठे जात नाहीत. त्या एका उत्तरावर त्याला काम मिळालं. सोबत एक अट घातली गेली. माझ्यातून पाहणार भगवानरावांचा पुतण्या सुधाकर, जो ओव्हरसियरचा कोर्स करून आला होता. जबाबदारी मात्र सगळी पुंजाजीची. पुंजाजीने आनंदाने अंगठ्याला शाई लावली.

काम झपाट्याने वर आलं. दोनशे माणसं राबत होती, पण कोणी कोणाच्या वाटेत येत नव्हतं. माती कुठून उचलायची, गाढवं कोणत्या बाजूने उतरायची, हे पुंजाजीने आधीच ठरवून ठेवलं होतं. पण लोक त्याला 'उलटे साहेब' म्हणू लागले. मुलाखतीची गंमत सुधाकरनेच गावात पसरवली होती.

आणि एके दिवशी मी पडले. पेटीत घालायचा कंटाळा म्हणून सुधाकरने मला सायकलच्या मागे बांधलं होतं. नाल्याच्या उतारावर दोरी सुटली आणि मी दगडावर आदळले. त्याने इकडे तिकडे पाहिलं, मला रुमालाने पुसलं आणि कोणालाही काही सांगितलं नाही. वरून मी पहिल्यासारखीच चकचकीत होते. आतून मात्र माझी नजर खाली झुकली होती. दर शंभर पावलांना चार बोटं. बांध सहाशे पावलांचा होता. म्हणजे त्याचं पलीकडचं टोक चोवीस बोटं, पुरा एक हात, ठेंगणं राहणार होतं, आणि माझ्यातून ते बरोबर दिसणार होतं.

पुंजाजीने आपल्या रीतीप्रमाणे दुसऱ्या बाजूने मोजायला लावलं. आकडे जुळले नाहीत. सुधाकर म्हणाला, तुम्हाला आकडे कळत नाहीत. पुंजाजी वाद घालत बसला नाही. त्याने गवंड्याची पाण्याची नळी आणली, जिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं, तिने टप्प्याटप्प्याने सगळा बांध मोजला आणि ते टोक एक हात वर चढवलं. ती माती वाहायला मनकर्णाबाई सगळ्यांच्या पुढे होती.

पुढच्या आठवड्यात संस्थेची मंडळी पाहणीला आली. माझ्यातून पाहिलं, तर ते टोक हातभर उंच. पुंजाजी हात जोडून सांगत होता, एकदा यंत्र तिकडून लावून पाहा. मला तिकडे नेऊन ठेवायला पाच मिनिटंही लागली नसती. पण कोणी मला उचललं नाही. भगवानराव सगळ्या मजुरांसमोर म्हणाले, "ज्याले माणूस सरळ दिसत नाही, तो यंत्राले खोटं म्हणते."

दोनशे माणसं हसली. त्यांच्या लेकरांना सावली करून देणारा माणूस तो, पण हसायला कोणी कमी पडलं नाही. मीही गप्प होते. मला तोंड नाही हे खरं. पण माझ्यावर एवढा विश्वास टाकलेला पाहून मला आत कुठेतरी बरंच वाटलं होतं, हेही खरं.

चढवलेली माती त्याच्याच हातून कापायला लावली. मनकर्णाबाईने आणलेल्या टोपल्या तिनेच परत नेल्या. माती कापून झाल्यावर पुंजाजीला कामावरून काढलं. बांध पुरा झाला आणि दगडावर नाव लागलं सुधाकरचं.

भादव्यात एका दिवसात तलाव भरला. सांडव्यातून पाणी जायच्या आत ते पलीकडच्या टोकावरून वाहू लागलं, जिथली माती कापली होती नेमकं तिथून. दुपारपर्यंत बांध फुटला. खालच्या शिवारातली कपाशी गेली, तिथल्याच उकंडराव नावाच्या शेतकऱ्याचे दोन बैल खुंट्याला बांधलेले असतानाच बुडाले.

मला तपासायला नागपूरला पाठवलं. कारागिराने माझ्या गळ्यात चिठ्ठी बांधली: 'पडल्यामुळे नजर झुकली होती. दुरुस्त केली.' भगवानरावांनी ती वाचली, घडी केली आणि खिशात टाकली. सुधाकरला मात्र बांधाचं काम केल्याचा अनुभव म्हणून दाखला मिळाला आणि त्यावर दुसऱ्या जिल्ह्यात नोकरी. पुंजाजी देऊळगाव राजाला एका तलावाच्या कामासाठी मुलाखतीला जाऊन आला. आधी कोणतं काम केलं, असं त्यांनी विचारलं. त्याने खरं सांगितलं. पुढे कोणी काही विचारलं नाही.

दोन वर्षांनी बांध पुन्हा घालायचा ठरला. नव्या साहेबांनी मला सांडव्याजवळ मांडलं. पट्टी धरायला रोजावर एक माणूस घेतला होता. तो पुंजाजी होता. मनकर्णाबाई भाकरी घेऊन आली आणि दगडाजवळ थांबली. तिला वाचता येत नव्हतं. पण एका ओळीतला दगड छिन्नीने खरवडून तिथे नवी अक्षरं कोरलेली तिला दिसली. तिने त्यांवरून बोट फिरवलं.

"लागलं का हो नाव?"

"लागलं," पुंजाजी म्हणाला. नव्या साहेबांनी सकाळीच त्याला ते वाचून दाखवलं होतं.

बांध फुटल्यावर दोष पुतण्यावर येऊ नये म्हणून भगवानरावांनीच ते बदलून घेतलं होतं. 'कामाचे प्रमुख' या शब्दांपुढे सुधाकरचं नाव जाऊन पुंजाजीचं आलं होतं.  मनकर्णाबाईने पदराने त्या अक्षरांवरची धूळ पुसली आणि भाकरीचं फडकं सोडलं.

मित्रांनो, माझी झुरळं झटका, मला तेलपाणी करा, असं मी सांगणार नाही. मला हातात घ्याल तेव्हा एकदा इकडून आणि एकदा तिकडून मोजून पाहा, आणि मला पाडलंत तर तसं सांगा. पुंजाजी एवढंच मागत होता. पट्टी धरून तो समोर उभा राहिला, तेव्हाही मला तो उलटाच दिसला. माझी काच तशीच घडवली आहे. तुमच्या डोळ्यांना ती सबब नाही.