डाव्या हाताचा मोजा

त्या संस्थेचं नाव तीन ग्रीक अक्षरांचं होतं. ते घेऊन तोंड कशाला विटाळायचं? कॅनडातल्या एडमंटनच्या विद्यापीठातली सेवाभावी विद्यार्थ्यांची फ्रॅटर्निटी, एवढं सांगितलं तरी पुरे. मुलगा असो की मुलगी, आत शिरला की तो 'ब्रदर'. अमरावतीची उत्कर्षा तिथे 'ब्रदर यूटी' झाली होती. तिने हे आईला कधी सांगितलं नाही, आणि बरंच केलं.

संस्थेची तत्त्वं तीन: नेतृत्व, बंधुता आणि सेवा. अगदी याच क्रमाने. सेवा आपली शेवटी, पंगतीला उशिरा आलेल्याला उरलंसुरलं वाढावं तशी. खांद्यावरून निळा पट्टा, हातात मेणबत्ती, आणि ती मेणबत्तीही बॅटरीची, कारण खरी पेटवली तर हॉलचा फायर अलार्म वाजतो. असल्या दिव्यावर हात ठेवून ही मंडळी आयुष्यभराच्या शपथा घेत. उत्कर्षाला पहिल्याच दिवशी हसू आवरेना, तेव्हा तिने खोकल्याचं सोंग केलं.

पण खरा थाट हातमोज्याचा. म्हणे पन्नास वर्षांपूर्वी संस्थापक महाशय हिमवादळात नदीवरच्या पुलावरून चालले होते. वाटेत एक अनोळखी माणूस उघड्या हातांनी कुडकुडताना दिसला. महाशयांनी आपला उजवा मोजा काढून त्याला दिला, डावा स्वतःकडे ठेवला, आणि दोघं पूल पार करून गेले. त्यावरून ब्रीदवाक्य निघालं, 'माझी अर्धी ऊब तुझी.' दोघांचाही एकेक हात गारठला असेल त्याचं काय, हे कुणी विचारलं नाही. उत्कर्षाने विचारलं, पण मनातल्या मनात.

तेव्हापासून रिवाज पडला. प्रत्येक नव्या ब्रदरने निळ्या मिटनची जोडी घ्यायची, अंगठा वेगळा आणि चार बोटं एका पिशवीत असतात ती. जानेवारीत बेघरांच्या शेल्टरच्या दारात जाऊन उजवी मिटन एका गरजूला द्यायची, फोटो काढायचा. डावी पट्ट्यावर छातीशी पिनने लावायची आणि वर्षभर प्रत्येक मीटिंगला मिरवायची. ती हरवली की तुम्ही ब्रदर नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! साठ-साठ पोरं गावभर एकेक मोजा वाटत फिरतात आणि घरी येऊन गरम सूप पितात.

मग ही शहाणी तिथे गेलीच कशाला? तर अडला हरी गाढवाचे पाय धरी. तिला समाजकार्याच्या कोर्सला जायचं होतं. सीट मोजक्या, अर्ज ढिगाने, आणि संस्थेच्या सल्लागाराचं शिफारसपत्र प्रवेशाच्या कमिटीत फार चालायचं. ते पत्र फक्त पूर्ण ब्रदरला मिळे, म्हणजे ज्याच्या छातीवर वर्षभर डावा मोजा दिसला त्याला. सल्लागार होते नंदकुमार, तीस वर्षांपूर्वी पुण्याहून आलेले, विद्यार्थी कल्याण कचेरीतले साहेब. इथे त्यांचा नँडी झाला होता. मला ब्रदर नँडी म्हण, असं ते उत्कर्षाला दर वेळी बजावत आणि ती दर वेळी सर म्हणे.

दोन हजार सतराच्या जानेवारीत उत्कर्षाची पाळी आली. उणे बत्तीस तापमान, नाकातले केससुद्धा कडक झालेले. शेल्टरच्या दारात वॉल्टर नावाचा साठीचा माणूस शॉपिंग कार्ट घेऊन उभा होता. पूर्वी तेलाच्या खाणींवर वेल्डर होता, आता रिकाम्या बाटल्या गोळा करून डेपोत विकायचा. दिवसभर ती लोखंडी गाडी ढकलायची. त्याचे स्वतःचे मोजे आदल्या दिवशी आतच कुणीतरी लांबवले होते. उत्कर्षाने ब्रीदवाक्य म्हटलं, उजवी मिटन दिली, फोटो झाला. त्याने ती घातली, बोटं हलवून पाहिली, आणि अगदी साधेपणाने विचारलं,

"दुसरा?"

दुसरा तिच्या खिशात होता. तिने मागे पाहिलं. नंदकुमार कॅमेरा घेऊन उभे होते. तिने वॉल्टरला सांगितलं की तो देता येत नाही, आमची परंपरा आहे. त्याने मान डोलावली. कॅनडात माणसं नको तिथे समजूतदार असतात.

संध्याकाळी भाड्याच्या बेसमेंटमध्ये तिने रूममेट गुंजनला सगळं नकलेसकट करून दाखवलं. गुंजन पोट धरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "अगं मग द्यायचा ना दुसरा. तुझा काय विश्वास आहे होय त्या भंकसवर?"

"आणि पत्र कोण देणार, तुझा काका?"

विषय तिथेच मिटला. पुढे वर्षभर उत्कर्षाने छातीवर मोजा लावून एकही मीटिंग चुकवली नाही, आणि घरी येऊन एकही नक्कल चुकवली नाही. आपण त्यांच्यातल्या नाही, कारण आपण त्यांना हसतो, असा तिचा सरळ हिशोब होता. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ तिला लांबून दिसायचं.

पुढच्या जानेवारीत वार्षिक समारंभ आला. या दिवशी एका 'सन्माननीय पाहुण्या'ला बोलावतात, म्हणजे ज्याला आपली ऊब पोचली असा माणूस. नंदकुमारांनी शेल्टरला फोन करून निळा मोजा घालणारं कुणी आहे का विचारलं होतं, आणि तिथून आला वॉल्टर. उजव्या हातात उत्कर्षाचीच मिटन, मळून काळपट झालेली. डावा हात कोटाच्या खिशात. उत्कर्षाने त्याला ओळखलं आणि तिला उगाच बरं वाटलं. चला, जिवंत आहे.

नंदकुमारांनी सगळ्यांसमोर तिचं शिफारसपत्र वाचून दाखवलं. भरल्या गळ्याने वाचलं. त्यात लिहिलं होतं की गेल्या भयंकर थंडीत या मुलीने एका कष्टकरी माणसाचा हात वाचवला. टाळ्या झाल्या. मग रिवाजाप्रमाणे पाहुण्याने उघड्या हातात मेणबत्ती घ्यायची होती. नंदकुमारांनी ती पुढे केली. वॉल्टरने डावा हात खिशातून काढला.

हाताला अंगठा होता. बोटं नव्हती. चारही नव्हती.

मेणबत्ती हवेत अडकून राहिली. नंदकुमारांनी ती चटकन त्याच्या उजव्या, मिटनमधल्या हातात कोंबली आणि घसा खाकरला. वॉल्टर उत्कर्षाकडे पाहून हळूच म्हणाला, तक्रारीच्या सुरात नव्हे, हवापाण्याचं सांगावं तसं, "आळीपाळीने घालत होतो. एका सकाळी डाव्याची पाळी चुकली."

आता उत्कर्षाने शपथ म्हणायची होती. ती माइकपाशी गेली आणि शपथ सोडून भलतंच बोलली. या माणसाने गेल्या वर्षी माझ्याकडे दुसरा मोजा मागितला होता, तो माझ्या खिशात होता, आणि मी दिला नाही. परंपरेवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मला हे पत्र हवं होतं म्हणून दिला नाही. छातीवरची पिन तिला निघेना, तेव्हा तिने ओढून पट्टाच फाडला आणि ती निळीशार, एकदाही न वापरलेली मिटन वॉल्टरपुढे धरली.

वॉल्टरने ती पाहिली. तिच्या लोकरीवरून अंगठा फिरवला. आणि परत तिच्या हातात ठेवली.

"राहू दे, पोरी," तो म्हणाला. "मला आता एकच पुरतो."

आणि काय सांगावं! कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. मग साठच्या साठ जण उभे राहून टाळ्या पिटायला लागले, एकदोघं रडायलाही लागले. एवढा सुंदर समारंभ कधी झालाच नव्हता म्हणे. नंदकुमारांनी डोळे टिपले, पत्र टेबलावर ठेवलं आणि खाली पेनने एक ओळ वाढवली, की या मुलीजवळ आपली चूक कबूल करण्याचं दुर्मिळ धैर्य आहे. हात वाचवल्याची ओळ त्यांनी तशीच ठेवली. उत्कर्षाने ती खोडायला सांगितली तर त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं.

"अगं, कमिटी तेच वाचते. फर्गिव्ह युअरसेल्फ. आजचं तुझं बोलणं ऐकून तर सीट पक्कीच समज."

तिने ज्यांची वर्षभर टिंगल केली होती त्यांना तिचा गुन्हासुद्धा पचला. त्यांनी तो कुरकुर न करता आपल्या सुंदर गोष्टींत घालून घेतला. तिला त्यांची किळस आली. आणि पत्राचं पाकीट पुढे आलं तेव्हा तिने ते घेतलं. फाडलं नाही, फेकलं नाही, घेऊन नीट बॅगेत ठेवलं, दुमडणार नाही असं. मग तिला आणखी कुणाची किळस यायची राहिली नाही.

दारापाशी वॉल्टर निघायच्या तयारीत थांबला होता. एका हाताने कोटाची चेन त्याला जुळवता येत नव्हती. सगळे केक खात होते. उत्कर्षाने खाली वाकून त्याची चेन गळ्यापर्यंत लावून दिली. त्याने थँक यू म्हटलं, आणि बाहेर उभी केलेली गाडी ढकलत तो बर्फात निघून गेला.

बेसमेंटमध्ये गुंजन वाट बघत होती. पत्र मिळालं का, तिने विचारलं. मिळालं, उत्कर्षा म्हणाली. मग गुंजन मांडी घालून, उशी पोटाशी घेऊन बसली.

"चल, आता करून दाखव," ती म्हणाली. "आज काय काय नाटक झालं?"

उत्कर्षा उभी राहिली. तिने तोंड उघडलं, आणि आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाचीच नक्कल तिला सुचेना.