सम्यक झोपला की गोष्ट थांबायची

चेतनाचं वाचनाचं वर्ष जानेवारीत सुरू होत नसे. सहा डिसेंबरला दादरला जायचं, अभिवादनाची रांग लावायची आणि परतताना स्टॉलवरून पुस्तकांची पिशवी भरून आणायची, ही तिच्या माहेरची रीत. लग्न होऊन ती घाटकोपरला आली ती या रीतीसकटच. पण गेल्या डिसेंबरात सम्यक तान्हा होता. दादर राहिलं. मग तिनं गल्लीतल्या विहाराचं पुस्तकांचं कपाट धरलं, आणि वर्षभर सोडलं नाही.

विहारात दरवर्षी सहा डिसेंबरच्या आधीच्या रविवारी कुणीतरी एकजण उठून आपण वर्षभरात काय वाचलं ते सांगतो. यंदा पाळी चेतनाची. कपाटाची किल्ली सांभाळणारे भीमराजकाका निरोप घेऊन आले, तेव्हा चपला काढता काढताच म्हणाले, "बोल तू, छान बोल. पण खरं सांगू का पोरी, तुझ्याशिवाय त्या कपाटाला कोण हात लावत नाही. कमिटी म्हणते, पुस्तकं माळ्यावर टाकू, कपाटात साऊंडचं सामान ठेवू."

"माळ्यावर? काका, वाळवी लागेल."

"मग लोकांना वाचायची गोडी लाव. चार माणसं पुस्तक मागायला आली, तर मी कमिटीशी भांडतो."

तेव्हापासून चेतनाच्या डोक्यात तेच. पीठ मळताना भाषण, लंगोट वाळत घालताना भाषण. सासूबाई, लताबाई, तव्याकडे बघून म्हणाल्या, "भाकरी करपली गं. आता भाषण तरी नीट कर, नाहीतर दोन्हीकडून वाट लागायची."

काय काय वाचलं होतं तिनं. सम्यकला मांडीवर आडवं घ्यायचं, एका हातानं थोपटायचं, दुसऱ्या हातात पुस्तक धरून मोठ्यानं वाचायचं. त्याला काय, मिठागर काय नि राजवाडा काय, आईचा आवाज हवा. त्याचे डोळे मिटले की ती आवाज बंद करी आणि पुढची पानं मनातल्या मनात अधाशासारखी संपवी. पडद्यापलीकडे मोरीत सासूबाईंची भांडी चाललेली असत. ती वाचायला लागली की कितीदा तरी नळाचा आवाज थांबे. पाणी गेलं असेल, असं तिला वाटे.

रविवारी विहारात बायकाच जास्त होत्या. सम्यक आजीच्या मांडीवर टोपीची नाडी चघळत बसला होता. चेतनानं जय भीम केला, घसा साफ केला आणि तिच्या सगळ्यांत लाडक्या कादंबरीपासून सुरुवात केली. मिठागरात राबणारी बाई, मारकुटा नवरा, एक दिवस मुलीला घेऊन ती घर सोडते. "आणि शेवटपर्यंत ती परत जात नाही," चेतना म्हणाली.

"काहीतरीच काय," मागून प्रियंका म्हणाली. गल्लीच्या तोंडाशी तिचं ब्लाउज शिवायचं दुकान. "परत जाते की. नवऱ्याला दारातच उभं करते, आपली पेटी उचलते नि मग निघते."

चेतना गोंधळली. "तू वाचलंयस?"

"वाचायला वेळ कुठंय. ऐकलंय."

"आणि त्या दुसऱ्या गोष्टीतला वर्सोव्याचा नावाडी," दुसरी एकजण म्हणाली, "तो बुडाला ना बिचारा?"

"नाही हो," चेतना म्हणाली. "पलीकडे मढला जाऊन लग्न करतो तो."

"अगं बाई. मी रडले होते त्याच्यासाठी." आणि सगळ्या माना एकदम लताबाईंकडे वळल्या.

लताबाईंनी सम्यकची टोपी उगाचच सारखी केली. "माझ्याकडे काय बघताय? हा गुलाम झोपला की ही गप्प. अर्धी गोष्ट पोटात घेऊन मी विहाराच्या पायरीवर मेथी निवडायला यायची, तुम्ही विचारणार पुढं काय झालं. मग लावले मी शेवट. सुचतील तसे लावले."

हशा उसळला. चेतना मात्र उभ्या जागी मागे पोचली होती, त्या सगळ्या दुपारींत. पाणी गेलेलं नव्हतंच. नळ बंद करून कुणीतरी ऐकत होतं. आपण एकटीच वाचतोय असं ती समजत होती, आणि मागच्या मागे अख्खी पायरी वाचत होती.

"नक्की काय लिहिलंय ते बघायलाच पाहिजे," प्रियंका उठली. "काका, कपाट उघडा. मिठागरवाली मला."

"नावाडी मी नेणार."

"आधी मी सांगितलं हां."

भीमराजकाका खिसे चाचपत राहिले, बायकांनी कपाटाला वेढा घातला. शेवटी त्यांनी किल्ली काढून चेतनाच्या तळहातावर ठेवली. "तूच उघड आणि तुझ्याकडेच ठेव. दुपारी उघडत जा. ही गर्दी मला झेपायची नाही. कमिटीचं मी बघतो."

घरी येताना लताबाईंनी सम्यकची टोपी पुन्हा एकदा सारखी केली. मग म्हणाल्या, "माझे शेवट वाईट होते का गं?"

"पेटीचा तर पुस्तकापेक्षा भारी होता, आई."

"मग," लताबाई म्हणाल्या आणि मोरीत शिरल्या.

सम्यक खांद्यावरच पेंगला होता. त्याला मांडीवर घेऊन चेतनानं विहारातून आणलेलं नवं पुस्तक उघडलं. दोन पानं झाली नाहीत तोच त्याचे डोळे मिटले, आणि सवयीनं तिचा आवाज थांबला.

"चेतना," पडद्यामागून हाक आली, "आवाज."

ती हसली, पान उलटलं आणि वाचू लागली. पलीकडे नळ बंद झाला.