अब्बांचा अंगठा

"अब्बासंग भांडण झालं तं घाबरू नको," लग्नानंतर पहिल्याच महिन्यात खैरुननं सुनेला बजावलं होतं. "ते 'हो बेटा' म्हणाले ना, तवा घाबर." शगुफ्ता हसली होती. फिजिक्स घेऊन एम.एस्सी. झालेल्या मुलीला सासूचे असे सल्ले म्हणजे लोणच्याच्या बरणीवरचं फडकं वाटायचे. असावं, पण त्यात काय एवढं.

पुढे सासरा अयूबभाई तिच्याशी दर गोष्टीवर वाद घालत राहिले, 'हो बेटा' कधी म्हणालेच नाहीत, आणि इशारा ती विसरूनही गेली.

वादाचा सर्वांत मोठा विषय होता त्यांची बीएसए. इंग्रजांच्या देशात बनलेली, वयानं अयूबभाईंपेक्षाही मोठी, काळी मोटारसायकल. मोहफूल, हिरडा, चारोळीचा व्यापार होता तेव्हा अयूबभाई गडचिरोलीहून निघून तिच्यावर धानोऱ्याकडची गावं पालथी घालत. व्यापार सुटला, पण धानोऱ्यापलीकडचा दोस्त लच्छू सुटला नाही. उन्हाळा लागला की त्याच्याकडे जायचंच. आणि आता जायचं ते पाच वर्षांच्या नातीला, निशातला, टाकीवर पुढं बसवून, ओढणीनं पोटाशी बांधून.

शगुफ्ता भांडायची ती इथेच. दोन्ही बाजूंनी जंगल, फोनला रेंज नाही, आणि मोबाइलच्या ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ हत्तींच्या कळपाचा ठावठिकाणा. त्यात ही गाडी थंड असताना शहाण्यासारखी चालायची आणि तापली की भर रस्त्यात हट्टानं बसायची. गेल्या मे महिन्यात आजोबा-नात असेच अडकले. ते परतले तोवर शगुफ्तानं अंगणात येरझारा घालून पायवाट पाडली होती. त्या दोघांचे ओठ मात्र तेंदूच्या झाडाची टेंभरं खाऊन चिकट झालेले, आणि निशातची तक्रार एकच, की गाडी एवढ्या लवकर चालू काऊन झाली.

दोष मॅग्नेटोत होता. इंजिनाला ठिणगी देणारं हे जुनं यंत्र. त्याला बॅटरी लागत नाही, फिरलं की स्वतःच वीज बनवतं. पण आतली तारेची गुंडाळी म्हातारी झाली की उन्हात दम टाकतं. त्यावर उपाय म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशन. नवरा मुबीन चंद्रपूरला पाळ्यांची नोकरी करायचा; तो म्हणाला, तुमचं तुम्ही पाहा. मग शगुफ्तानंच दुपारी निशातला झोपवून वाचून काढलं. यातही दोन जाती होत्या. एक मॅग्नेटोसारखीच, स्वतःची वीज स्वतः बनवणारी. दुसरी बॅटरीच्या जिवावर चालणारी डबी. जंगलाच्या रस्त्याला पहिली उत्तम, कारण बॅटरी मेली तरी गाडी मरत नाही. शगुफ्ताला हे नीट समजलं, आणि तिनं शांतपणे दुसरी निवडली.

कारण दुसरीला फ्यूज असतो. नखाएवढा. तो काढून पर्समध्ये टाकला की गाडी म्हणजे अंगणातला लोखंडाचा खांब. हत्ती इकडे सरकले, ऊन चढलं, मनात पाल चुकचुकली, काढला फ्यूज. भांडण नाही, 'नका जाऊ' म्हणणं नाही, आणि सासऱ्याचा मानही शाबूत.

अयूबभाईंना तिनं डबीचे गुण ऐकवले. एका किकेत चालू, उन्हात दगा नाही, आणि किक उलटी फिरून गुडघ्यावर बसणार नाही. गुडघ्याचं नाव तिनं तीनदा घेतलं. पहिल्या जातीचा उच्चारही केला नाही. अयूबभाईंनी एवढंच विचारलं, की बॅटरी बसली तर काय. नवी बॅटरी घेऊ, ती म्हणाली. त्यांनी गाडीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं.

"हो बेटा," ते म्हणाले.

भाकरी थापता थापता खैरुनचा हात थांबला. शगुफ्ताला वाटलं, तवा तापला नसेल.

डबी बसवायला चंद्रपूरचा मेकॅनिक प्रफुल्ल आला. शगुफ्ता त्याच्या डोक्यावर उभी राहिली. या जुन्या इंग्रजी गाडीत सगळं उलटं, बॅटरीची प्लस तार सांगाड्याला जोडलेली असते; नेहमीसारखं जोडलं तर डबी जळेल, हे तिनं त्याला बजावून सांगितलं. तो म्हणाला, माहीत आहे ताई. मग ती चहा ठेवायला आत गेली. परतली तेव्हा सीटखाली डबी होती, डबीवर लाल दिवा होता, शेजारी फ्यूज होता. नवं सामान जुन्या मॅग्नेटोच्या पोटातच बसवलं, बाहेरून रूप तेच ठेवलं, असं प्रफुल्लनं चहाच्या कपाला सांगितलं. तिच्याकडे त्यानं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ज्युनिअर कॉलेजात शिकवायला निघण्याआधी शगुफ्तानं फ्यूज काढला. अयूबभाई आले, किक मारली. पुन्हा मारली. घाम पुसला. "आज मन नाई दिसत तिचं," म्हणाले आणि पायरीवर बसले. संध्याकाळी तिनं फ्यूज परत लावला आणि गाडी मुकाट्यानं चौकापर्यंत जाऊन आली.

पुढे हेच चाललं. सकाळी गाडी रुसायची, संध्याकाळी मानायची. शगुफ्ता म्हणायची, नव्या वस्तूला रुळायला वेळ लागतो, अब्बा. एरवी सुईच्या टोकावरून भांडणारा माणूस नुसता उसासा टाकायचा. तिला इतकी दया आली, की एका शुक्रवारी तिनं त्यांच्यासाठी मुद्दाम, त्यांच्या शुगरला चालेल अशी, कमी साखरेची शेवयांची खीर केली. त्यांनी दोन वाट्या खाल्ल्या.

मग सुटीच्या एका दुपारी निशात अंगणात उलट्या घमेल्यावर बसून गाडी-गाडी खेळत होती. हातात आडवं लाटणं धरलेलं. उजव्या पायानं किक मारायची, आणि लाटण्यावर अंगठा गच्च दाबून धरायची. शगुफ्ताची नजर अशा ठिकाणी अडते. तिनं विचारलं, अंगठ्यानं काय दाबतेस गं?

"बटण. हे दाबलं का गाडी चालू नाई होत."

"मग दाबतेस कशाला?"

"तू गेटपाशी उभी राहते ना, म्हणून." निशातनं मंद मुलीला समजवावं तसं आईला समजावलं. "तू कॉलेजले गेली का सोडायचं. मग चालू होते. मग आपण सुकरीआजीकडे."

सुकरी म्हणजे लच्छूची बायको. आणि हँडलवरचं काळं बटण फक्त मॅग्नेटोचीच ठिणगी तोडायचं, डबीची नाही. म्हणजे मॅग्नेटो जिवंत होता. अब्बांच्या सांगण्यावरून प्रफुल्लनं डबी इंजिनाला जोडलीच नव्हती, ती नुसती लाल दिवा लावून बसली होती, आणि शगुफ्ता रोज सकाळी मोठ्या धूर्तपणे तो दिवा विझवून कॉलेजला जात होती.

ओरडावं तर आपली चोरी आधी कबूल करावी लागणार. तिनं पर्समधून फ्यूज काढला आणि जेवताना अयूबभाईंच्या ताटाशेजारी ठेवला.

"कधीपासून माहीत होतं, अब्बा?"

"पहिल्याच दिवशी. लाइट बंद दिसला. प्रफुल्लले फोन लावला तं तो म्हणे चोर असन. मी म्हणलो, चोरानं बॅटरी नेली असती. फ्यूज फक्त घरचा माणूस नेते."

खैरुननं पदर तोंडात कोंबला. तिला सगळं ठाऊक होतं, हे त्या पदरावरून कळलं.

"पोरीला खोटं शिकवलं तुम्ही."

"म्या नाई शिकवलं. पोरगी पाहून पाहून शिकली. तुह्यावर गेली आहे."

शगुफ्ताला हसू आलं, आणि ते हसू तोंडातच वाकडं झालं. शुद्ध बोलणं-बिलणं सगळं सुटलं.

"मले गाडीची भीती नाई, अब्बा. तुम्ही तिले पोटाशी बांधून नेता. तुमची शुगर अशी. रस्त्यात तुम्हालेच काही झालं, तं तिले ती गाठ सोडता येत नाई."

अयूबभाईंनी फ्यूज उचलून तिच्या ताटाकडे परत सरकवला.

यावरचा वाद त्यांना दुसऱ्या दिवशी सुचला, आणि मग आठवडाभर पुरला. शेवटी ठरलं ते असं. स्वतःची वीज स्वतः बनवणारं इग्निशन मागवायचं, ते येईपर्यंत धानोरा बंद. ते आलं. प्रफुल्लनं ते बसवलं, आणि या वेळी चहा खैरुननं केला. शगुफ्ता जागची हलली नाही. जुना मॅग्नेटो तिनं स्वतः उचलून पिठाच्या डब्यामागे नेऊन ठेवला. निशातला तिनं सरकगाठ शिकवली. पोरगी आता डोळे मिटूनही ती ओढून सोडते.

आज सकाळी उन्हाआधी दोघं निघाले. शगुफ्तानं स्वतः ओढणी बांधली, स्वतः गेट उघडलं. गाडी पहिल्या किकेत सुरू झाली. कुठलीही तार अशी नाही जी तिच्या डोळ्यांखालून गेली नाही. तरी तिनं आत्ता पाचव्यांदा फोन लावला, आणि पाचव्यांदा तीच बाई म्हणाली, संपर्क क्षेत्राबाहेर.

तेव्हा गडचिरोली-धानोरा रस्त्यानं तुम्ही जात असाल, तर तिचं एवढंच मागणं आहे. काळी गाडी झाडाखाली उभी दिसली तर थांबा. पोरीची काळजी करू नका, ती बडबडत असेल. म्हाताऱ्याकडे पाहा. तो तुमच्या हातावर टेंभरं ठेवेल, ती घ्या, आणि घेताना त्याचा हात थरथरतो का ते बघा. शुगरची गोळी घेतली का विचारा. त्याला पाणी प्यायला लावा, आणि तुमच्यासमोर पिऊन होईपर्यंत तिथून हलू नका.