रत्नाक्का, फक्त वाचण्यासाठी

एकसष्टीच्या दिवशी सकाळी रत्नाक्का मगदूम न्हाणीतून बाहेर आली तेव्हा तिच्या गळ्यात झेंडूचा हार होता आणि तो निघत नव्हता. तिनं तो डोक्यावरून ओढून पाहिला, मग सरळ कात्री लावली. कापलेली जागा सायीसारखी मिटली. आरशात पाहिलं तर डोक्यापासून छातीपर्यंत तिच्याभोवती एक रुंद काळी चौकटही आली होती. स्वयंपाकघराच्या दारातून तिला तिरकं होऊन जावं लागलं.

रत्नाक्का म्हणजे पेठेतल्या पिठाच्या गिरणीची मालकीण. नवरा गेल्यापासून दगड, मोटर आणि गिऱ्हाईक तिनं एकटीनं धाकात ठेवलं होतं. ओला गहू आणणारीला ती डब्यासकट परत पाठवायची, वर जाता जाता चार शब्द ऐकवायची ते वेगळेच. गिरणीचा पट्टा तुटला तरी अक्काच्या तोंडाच्या पट्ट्यावर दळण होईल, असं पेठेत म्हणत. हे तिच्या कानावर होतं आणि तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

आदल्या दिवशी तिचा मुलगा भरतेश पुण्याहून आला होता. त्याला गिरणी विकायची होती. घेणारे शिरगुप्पे दुपारी यायचे होते. त्यांना लिखापढी नको होती; अक्कानं तोंडानं हो म्हटलं की झालं, एवढा मगदुमांचा शब्द पेठेत चालत होता. अडचण इतकीच होती की अक्का कित्येक वर्षं नाही म्हणत आली होती. घरात ती कुणाची आई आणि कुणाची विधवा होती. गिरणीत ती रत्नाक्का होती, आणि तेवढी एकच जागा तिला उरली होती.

"आई, पिठानं छाती भरलीय तुझी," भरतेश पोहे खाता खाता म्हणाला. "आता तरी बस की स्वस्थ. शिरगुप्प्यांना हो म्हणशील ना?"

तिच्या जिभेवर आलं होतं ते तिखट होतं आणि त्यात भरतेशच्या सासऱ्यांचाही उद्धार होता. तोंडातून मात्र निघालं, "तुम्ही म्हणाल तसं."

ती दचकली. पोटच्या पोराला तिनं जन्मात कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. तिनं पुन्हा नेटानं तोंड उघडलं.

"असू दे," ती म्हणाली.

भरतेशला भरून आलं. हार शोभतो तुला, असं म्हणून तो तिच्या पाया पडला.

रत्नाक्का चपला सरकवून बाहेर पडली. चौकात तिचा फ्लेक्स लागला होता. एकसष्टीसाठी तो भरतेशनंच सांगितला होता. त्यावर तिचा फोटो, झेंडूचा हार, काळी चौकट आणि वर मोठ्या अक्षरात भावपूर्ण श्रद्धांजली. खाली लिहिलं होतं : मितभाषी, सोशिक, उभ्या आयुष्यात कुणाला उलट न बोललेल्या. भाजीवाल्या कृष्णाबाईनं आधी फ्लेक्सला हात जोडले, मग वळून तिला.

"लई गुणाची बाई होती," कृष्णाबाई तिलाच म्हणाली.

"असू दे," रत्नाक्का म्हणाली, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मस्तक चौकटीत होतं, त्यामुळे ती आग गळ्याशीच अडून राहिली.

फ्लेक्स करणारा सादिक मुजावर दुकानात तिची वाटच पाहत होता. तिला बघताच त्यानं स्टूल पुसून पुढं केलं.

"अक्का, चूक झाली बघा," तो म्हणाला. "फ्लेक्स कोण नव्यानं करत बसतंय? आधीची फाइल उघडायची, नाव बदलायचं, फोटो बदलायचा, मग मजकूर. आधीची फाइल आवटींच्या आजीची होती. वारली न्हाई का परवा, ती. नाव बदललं, फोटो टाकला, सेव्ह केलं. मजकुराला हात घालणार, तवर फाइल होती तो पेनड्राइव्हच लॉक. मशीननं होतं तेवढं छापलं आन् लावणाऱ्यांनी न वाचताच बांधलं."

आता रत्नाक्काच्या डोक्यात उजेड पडला. आवटींची म्हातारी उभ्या जन्मात दोनच वाक्यं बोलली होती, आणि तीच दोन वाक्यं आता हिच्या तोंडात येऊन बसली होती. दुसऱ्याच्या सुनेची साडी नेसावी तसे दुसरीचे गुण अंगावर आले होते. फोटो फक्त छातीपर्यंत होता म्हणून हातपाय तेवढे तिचे तिच्याकडे राहिले होते. त्यातल्या उजव्या हातानं तिनं सादिकचा कान धरला आणि पिळला.

"करतो, करतो, सगळं करून बघतो," सादिक म्हणाला.

पेनड्राइव्हच्या कडेला एक बारीक खटका होता. सादिकनं तो नखानं सरकवला. रत्नाक्काच्या डाव्या कुशीत काहीतरी सरकलं आणि परत मूळ जागी आलं. त्यानं ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला. तिला एकदम थंडी वाजली, बाकी काही नाही. 'फक्त वाचण्यासाठी' असं लिहिलेल्या चौकोनातली खूण त्यानं काढली. ती परत उमटली. व्हायरस शोधला तर एकही नाही. रत्नाक्का निरोगी निघाली.

"आता फॉरमॅटच," तो म्हणाला. पडद्यावर प्रश्न आला होता : सगळं पुसून टाकायचं का?

रत्नाक्काला नको म्हणायचं होतं. तिनं मान हलवून पाहिली, पण मान फोटोत होती. लग्नातला पिवळा शालू, नवऱ्यानं पहिल्यांदा छिन्नीनं दगडाला टाकी लावायला शिकवलं ती सकाळ, भरतेशच्या तापाच्या रात्री, सगळं तिच्या छातीत दाटलं. सादिकनं बटण दाबलं. ड्राइव्हचा दिवा लुकलुकला आणि पडद्यावर आलं : डिस्कवर लिहायला बंदी आहे. रत्नाक्कानं श्वास सोडला. सकाळपासून पहिल्यांदाच तिला त्या कुलपाचं बरं वाटलं.

"होत न्हाई," सादिक घाम पुसत म्हणाला. "ह्यातलं खोडता येत न्हाई, हलवता येत न्हाई, नवीन घालता येत न्हाई. आतली चिप मरायला टेकली की असं करती अक्का. जीव जायच्या आत स्वतःला कुलूप लावून घेती. हाय ते तरी जपलं जावं म्हणून."

जपायला मी काय मोरावळा आहे, असं रत्नाक्काला म्हणायचं होतं. "तुम्ही म्हणाल तसं," ती गोड आवाजात म्हणाली आणि तिनं टेबलावरचा चहाचा कप भिंतीवर फेकला.

तेवढ्यात भरतेश आत आला. त्यानं फुटका कप पाहिला नाही. त्याचं लक्ष पडद्याकडे होतं.

"वाचता येतं ना?" त्यानं विचारलं.

"वाचता येतं."

"मग कॉपी कर की. कॉपीत काय हवं ते बदल."

सादिकनं डोक्याला हात लावला. हे आपल्याला कसं सुचलं नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. त्यानं कॉपी केली. टेबलावर, माउसच्या शेजारी, दुसरी रत्नाक्का आली. ती छातीपर्यंतच होती. खाली काही नव्हतं.

"हार काढ," भरतेश म्हणाला. सादिकनं हार काढला. "चौकट काढ." चौकट गेली. "थोडं हसू दे." टेबलावरची रत्नाक्का थोडी हसली.

"तोंड असंच ठेवू का?" सादिकनं विचारलं. "मूळ फोटोत उघडं होतं. कुणाला तरी झापत होत्या. फ्लेक्स सांगताना तुम्हीच म्हणाला, मिटव, बरं दिसत न्हाई."

"असंच राहू दे. मजकूर घाल. लिही : गिरणी विकायला माझी आनंदानं संमती आहे."

सादिकनं लिहिलं. लिहिताना त्यानं स्टुलाकडे पाहिलं नाही.

"गिरणी विकायला माझी आनंदानं संमती आहे," टेबलावरची रत्नाक्का म्हणाली. आवाज हुबेहूब होता. पेठेत कुणालाही खरा वाटला असता.

स्टुलावरच्या रत्नाक्काला रडू आलं. राग तिच्या ओळखीचा होता, हे वेगळं होतं. आपल्या पोरानं आपला आवाज तेवढा उचलावा आणि बाकीची बाई स्टुलावर सोडून द्यावी, हे तिला फार लागलं. पण डोळेही फोटोत होते आणि फोटोतले डोळे कोरडे होते. भरतेशनं दुसरीला काखेत मारलं.

"आई, तू घरी जाऊन पड," तो पहिलीला म्हणाला. "त्रास नको तुला."

"असू दे," ती म्हणाली, आणि गिरणीकडे चालू लागली.

चौकट गल्लीच्या दोन्ही भिंतींना घासत होती. सकाळी ती एवढी रुंद नव्हती. रत्नाक्का चालता चालता सादिकचं बोलणं मनात घोळवत होती. खोडता येत नाही. हलवता येत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला ते मरणाचं वाटलं होतं. गिरणीपाशी येईतो ते तिला चांगलंच पटलं. तिनं कंबरेची किल्ली काढून शटर वर केलं, उंबऱ्यात उभी राहिली आणि बाहेर तोंड केलं. चौकट दाराला बरोब्बर बसली, सुताराला बोलवून मापं घेतल्यासारखी; खाली पायांपाशी डबा जाईल एवढीच फट उरली.

थोड्या वेळानं शिरगुप्पे आले. मागून भरतेश, त्याच्या काखेत दुसरी, आणि त्यांच्या मागे मान खाली घालून सादिक. पेनड्राइव्ह त्याच्या मुठीत होता.

"अक्का, काय म्हणताय?" शिरगुप्प्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं.

"गिरणी विकायला माझी आनंदानं संमती आहे," काखेतली म्हणाली.

"झालं तर मग," शिरगुप्पे म्हणाले. "मापं घेऊ आतली."

"आई, बाजूला हो," भरतेश दारातलीला म्हणाला.

"तुम्ही म्हणाल तसं," रत्नाक्का म्हणाली. आवाजात लोणी होतं. पाय जागचे हलले नाहीत.

भरतेशनं आधी हळू ढकललं, मग खांदा लावला. शिरगुप्प्यांनी टोपी काढून खिशात घातली आणि दुसऱ्या बाजूनं जोर केला. त्यांच्या ड्रायव्हरनं पहार आणली. पहार चौकटीला लागली आणि चौकटीवर साधा ओरखडाही उठला नाही. रत्नाक्का प्रत्येकाला तुम्ही म्हणाल तसं म्हणत होती, आणि आतून तिला इतकं हसू येत होतं की कळ यायला लागली.

"सादिक, काढ तिला तिथून," भरतेश धापा टाकत ओरडला. "काहीतरी कर!"

"सकाळपास्नं तेच करतोय की दादा," सादिक म्हणाला. त्यानं मूठ उघडून पाहिली. ड्राइव्ह तापला होता. दिवा लागत होता, विझत होता.

एव्हाना दळणवाल्या बायका डबे घेऊन जमल्या होत्या. कृष्णाबाई सगळ्यांत पुढं होती. गुणाच्या बाईचं काय चाललंय हे तिला समजलं नाही, पण गिरणी उघडी दिसली म्हणजे दळण मिळणार, एवढं तिला कळत होतं. तिनं ज्वारीचा डबा चौकटीखालून आत सरकवला. रत्नाक्कानं तो पायानं मागं घेतला, न वळता दगडावरच्या हॉपरमध्ये उपडा केला आणि हात मागं नेऊन बटण दाबलं. चाळीस वर्षांची सवय हातात होती, फोटोत नव्हती.

दगड फिरले. सगळी गल्ली थरथरली. दारातून पिठाचा लोट बाहेर आला आणि सगळ्यांवर बसला. रत्नाक्काच्या चेहऱ्यावर मात्र टिकेना. तिच्यावर आता काहीच नवीन चढत नव्हतं. पीठ हारावरून घसरून तिच्या पायाशी पडत होतं.

काखेतल्या रत्नाक्काला कुलूप नव्हतं. तिच्यावर पीठ बसलं. भुवया पांढऱ्या झाल्या, मग गाल, मग मिटलेले ओठ. ती शिंकली.

शिंक फाइलमध्ये नव्हती. सादिकनं चमकून वर पाहिलं. ती पुन्हा शिंकली, आणि दुसऱ्या शिंकेनं तिचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.

"ए भरत्या," ती म्हणाली, आणि गिरणीच्या आवाजावरून तिचा आवाज चौकापर्यंत गेला. "काखेत काय धरलंयस मला? मी काय कोंबडी हाय? आन् ती ज्वारी कुणाची? वास मारतीय. कुठली गिरणी विकतोस रे, तुझ्या सासऱ्याची?"

भरतेशचा हात सैल झाला.

"अक्का," सादिक मुठीतल्या दिव्याकडे बघत म्हणाला, "हा विझायला लागलाय. तुम्ही अजून ह्यातच हाय."

"तुम्ही म्हणाल तसं," दारातली रत्नाक्का म्हणाली, आणि मुलाच्या काखेतून निसटणारं ते पांढरं, बोलतं डोकं झेलायला तिनं दोन्ही हात चौकटीबाहेर काढले.