दिवे बंद असलेलं जहाज

कवळी खरी वाटायची असेल तर तिच्यात थोडी खोड ठेवावी लागते, हे वाटाड्याला धंद्यातल्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. सगळे दात एका रांगेत, पांढरेशुभ्र बसवले की माणूस हसला रे हसला की समोरच्याला कळतं. म्हणून तो एखादा दात किंचित तिरपा बसवायचा, एखाद्यावर पुसट पिवळी झाक द्यायचा. मग गिऱ्हाईक आरशात बघून म्हणायचं, अगदी माझेच वाटतात हो. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे. हा मेण लावायचा, प्लास्टर ओतायचा, घासायचा, पॉलिश करायचा. हात चांगला होता, त्यात वाद नाही.

अडचण एवढीच, की हीच कला त्याने रविवारच्या बैठकीतही वापरली.

वाटाड्या हे त्याचं खेळातलं नाव. खेळ अंतराळाचा, कॉम्प्युटरवरचा. एक अख्खी आकाशगंगा, त्यात एकेकाला एकेक जहाज, आणि एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्यावर उड्या मारत हिंडायचं. तारे इतके, की बहुतेकांवर अजून कोणी गेलेलंच नाही. दर रविवारी दुपारी हे हिंडणारे लोक आपापल्या घरी कानाला हेडफोन लावून ऑनलाइन जमायचे आणि आठवडाभरात कुठे गेलो, काय पाहिलं ते एकमेकांना सांगायचे. एक प्लंबर होता, त्याची जहाजं सारखी कुठेतरी आदळायची आणि तो ते फार रंगवून सांगायचा. एक शिकवणी घेणाऱ्या बाई होत्या, त्यांना फक्त ग्रहांवरच्या दऱ्या आवडायच्या. आणि सगळ्यांत जुन्या म्हणजे मावशी.

बैठकीचा नियम एकच: चित्र दाखवायचं नाही, तोंडाने सांगायचं. हा नियम मावशींमुळे झाला होता. त्यांचे यजमान, म्हणजे बैठकीचे काका, आयुष्यभर बंदरावर क्रेन चालवत होते. म्हातारपणी त्यांची नजर गेली. मावशी खेळायला बसल्या की ते शेजारी खुर्ची ओढून बसत आणि विचारत, आता काय दिसतंय? मावशी जे दिसेल ते सांगत. बैठकीतही त्यांना सगळं कळावं म्हणून चित्रांना रजा मिळाली.

आता जिथे पुरावा मागत नाहीत तिथे थापाड्याचं फावतं, हे काय सांगायला हवं? वाटाड्या सुरुवातीला खरोखरच एकदा लांब निघाला होता. थोड्याच उड्यांनंतर जहाज एका ताऱ्याच्या फार जवळ गेलं, पडदा लाल झाला, भोंगे वाजू लागले, आणि हा असा घाबरला की खुर्चीवरून उठून उभाच राहिला. कसाबसा परत आला आणि घरच्या स्टेशनात जहाज लावून ठेवलं ते कायमचं. पण रविवारी त्याची पाळी आली तेव्हा 'मी घाबरून परतलो' हे काही तोंडातून निघेना. निघालं ते भलतंच. दोन सूर्य असलेला ग्रह निघाला, एकाच वेळी दोन सावल्या पडणारा. आणि तो खरा वाटावा म्हणून त्याने सवयीने खोड ठेवली: उतरताना जहाजाचा एक पाय मोडला, म्हणाला.

काकांना तो पाय फार आवडला. पुढच्या रविवारी त्यांनी आधी पायाचीच चौकशी केली. मग काय, दर आठवड्याला वाटाड्या नवा प्रदेश काढू लागला आणि काका 'आता आमच्या वाटाड्याला बोलू द्या' म्हणून बाकीच्यांना गप्प करू लागले. प्लंबर खराखुरा आदळून आलेला असायचा, तरी त्याची पाळी शेवटी.

बायकोला सगळं माहीत होतं. ती टेबल पुसायला आली की पडद्यावर तेच स्टेशन, तेच जहाज. एकदा ती म्हणाली, "लांबच्या देशात आहेस म्हणे सध्या. मग हे काय, कॅलेंडरवरचं चित्र आहे का?" तो हसला, पण कानाच्या पाळ्या तापल्या. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने एका आंधळ्या म्हाताऱ्याला दर रविवारी शेंडी लावायची, हे त्याचं त्यालाही गोड वाटत नव्हतं. रात्री डोळा लागण्याआधी नेमका काकांचा आवाज आठवायचा.

म्हणून त्याने हे एकदाचं संपवायचं ठरवलं. खरं सांगून संपवावं असं बायकोचं मत होतं. त्याने मात्र इज्जत शाबूत ठेवून संपवायचा मार्ग काढला. रविवारी तो म्हणाला, की आपण आकाशगंगेच्या पार कडेला, कोणी न गेलेल्या एका ताऱ्यापाशी अडकलो आहोत. इंधन संपलं. ग्रहाभोवती निळं कडं आहे, बर्फाचं, तेवढं बघत बसलो आहे. आता जहाज मोडून टाकायचं आणि खेळाला रामराम करायचा. आवाजही त्याने छान पाडला होता. झालं, सुटलो, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात काका बोलले. "मोडायचं नाही," ते म्हणाले. "आम्ही येतोय तुला न्यायला."

मावशी आणि काका तेव्हा आकाशगंगेच्या मध्यभागी निघाले होते. मध्यावर काय आहे ते एकदा ऐकायचं, ही काकांची फार दिवसांची इच्छा. कित्येक महिने दुपारची जेवणं आटोपून मावशी वाटेतल्या प्रत्येक ताऱ्यापाशी थांबत, तो काकांना सांगत त्या दिशेने उड्या मारत होत्या आणि आता ते अगदी जवळ आले होते. ते सोडून उलट्या बाजूला, पार कडेपर्यंत यायचं म्हणजे वेडेपणा. वाटाड्या नको नको म्हणत राहिला. मावशीही जरा चाचरल्या. पण काका ऐकेनात. अंधारात एकट्याने बसणं काय असतं ते मला विचारा, असं ते म्हणाले. मावशींनी ताऱ्याचं नाव विचारलं. वाटाड्याने घाईघाईत नकाशा उघडला, कडेचा हाताला लागेल तो ठिपका निवडला आणि त्याचा लांबलचक क्रमांक वाचून दाखवला. वाटेत कुठेही न थांबता आलो तर शनिवारी दुपारपर्यंत पोचतो, मावशी म्हणाल्या.

वाटेत दुसऱ्या कोणीतरी वाचवलं, असा निरोप त्याने दोनदा लिहिला आणि पुसला. कोणी वाचवलं, कसं वाचवलं, हे पुन्हा रचावं लागणार होतं, आणि आता रचायचा त्याला खरोखर वीट आला होता. खरं सांगणारा निरोप त्याने लिहायलाच घेतला नाही. मग त्याला फक्त एक मार्ग दिसला आणि तो फक्त त्याच्यासारख्यालाच दिसू शकतो. मावशींच्या आधी तिथे पोचायचं, इंधन खरंच संपवायचं आणि दिवे बंद करून वाट बघत बसायचं.

सोमवारी कामावरून आल्या आल्या त्याने स्टेशनातून जहाज काढलं. बायको चहाचा कप घेऊन दारात उभी राहिली. "निघालास? अडकायला?" तिने विचारलं. ती कप ठेवून गेली.

आठवडाभर तो उड्या मारत होता. लॅबमध्ये एका कवळीचे खालचे दात वरच्या साच्यात बसवले, मालकाने सगळ्यांसमोर खरडपट्टी काढली, तीही त्याने मुकाट ऐकली. भोंगे वाजले की हात अजूनही परतीच्या बटणाकडे जायचा, पण आता परत फिरायची सोय नव्हती. आणि गंमत अशी, की त्याला खरंच काहीबाही दिसू लागलं. एका ताऱ्यामागून दुसरा छोटा तारा हळूच डोकावला. एक ग्रह पूर्ण काळा होता, फक्त त्याच्या कडेला उजेडाची बारीक रेघ. हे काकांना सांगायला हवं, असं मनात आलं आणि लगेच आठवलं की काकांच्या हिशेबी आपण एका जागी अडकून पडलेले आहोत. वाटेत पाहिलेलं सांगायची सोयच त्याने ठेवली नव्हती.

शनिवारी दुपारी मावशींचा फोन खेळातूनच आला तेव्हा तो अजून वाटेत होता. बऱ्याच उड्या शिल्लक होत्या.

"आलो बरं का पोरा," काका म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "शेवटची उडी. घाबरू नकोस."

उडीचा घोंगावणारा आवाज त्याच्या कानात आला आणि थांबला. मग काही नाही. आता मावशी पडद्यावर काय बघत असतील ते त्याला माहीत होतं. काही नाही. तिथे कोणी नाही.

"दिसला का?" काकांनी विचारलं.

त्यांच्या घरातल्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. वाटाड्याने सांगून टाकायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात काकाच बोलले.

"अगं, दिसला का?"

"दिसला," मावशी म्हणाल्या.

"पण इंजिन ऐकू येत नाही त्याचं. दुसरं जहाज जवळ असलं की वाजतं ना."

"इंधन संपल्यावर कसं वाजेल? दिवेही बंद करून बसलाय."

"आणि ते निळं कडं?"

"आहे," मावशी म्हणाल्या. "निळं आहे. बर्फाचं." त्या थांबून थांबून बोलत होत्या, परक्या भाषेत बोलावं तशा. पुढे त्या म्हणाल्या की आता इंधनाची टाकी सोडते, आणि टाकी सुटल्याचा ठक् असा आवाज आला. काकांनी तो आवाज ओळखला. ते कान देऊन बसले असणार, कारण थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, अजून इंजिन का लागत नाही?

"वाटाड्या," मावशी म्हणाल्या, "इंजिन चालू कर."

त्याला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने, तिथून किती तरी दूर, भलत्याच ताऱ्यासमोर उभ्या असलेल्या आपल्या जहाजाचं इंजिन बंद केलं. हेडफोन काढला, त्याचा माइक स्पीकरपाशी धरला आणि इंजिन पुन्हा चालू केलं. घर्रर्र झालं. दारात बायको उभी होती. तिने माइककडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि ती आत निघून गेली.

त्याने हेडफोन पुन्हा कानाला लावला तेव्हा काका म्हणत होते, "लागलं. लागलं इंजिन." ते रडत होते. "बघ, मी म्हटलं नव्हतं, आपण पोचू म्हणून? पोरा, आमचे दिवे दिसले ना तुला?"

"दिसले, काका," वाटाड्या म्हणाला.

मग काका तोंड धुवायला उठले. काठीचा आवाज लांब गेल्यावर मावशी हळू आवाजात बोलल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हे मला विचारतात आणि मी सांगते, पडद्यावर जे असेल ते. नजर गेल्यापासून यांना मी एवढंच देऊ शकले." त्या थांबल्या. "आता तू खरं बोललास तर खोटी मी ठरेन. तेव्हा गप्प राहा."

तो हो म्हणाला. फोन बंद झाला.

तरीही तो पुढे गेला. का गेला ते त्यालाही सांगता आलं नसतं. संध्याकाळी तो त्या ताऱ्यापाशी पोचला. तारा मळक्या तपकिरी रंगाचा होता, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. निळं कडं नव्हतं. बर्फ नव्हता. ग्रहच नव्हता. फक्त मावशींनी सोडलेली इंधनाची टाकी गोल गोल फिरत होती आणि तिचा बारका दिवा लागत-विझत होता. त्याने ती उचलली नाही. बराच वेळ तो तिच्याकडे बघत बसला. कोणत्या तोंडाने उचलणार?

रविवारी बैठक भरली तेव्हा पहिल्यांदाच काकांनी स्वतः गोष्ट सांगितली. आतापर्यंत ते फक्त ऐकत आले होते. मध्यावर जायचं राहिलं त्याचं काही नाही, माणूस महत्त्वाचा, असं म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि उडी, शांतता, ठक् आवाज, सगळं क्रमाने सांगितलं. इंजिन लागलं तिथे त्यांनी स्वतः घर्रर्र आवाज काढून दाखवला. प्लंबरने टाळ्या वाजवल्या. शिकवणीच्या बाई म्हणाल्या, अशी सुटका आपण कधी ऐकली नव्हती.

"आता वाटाड्या सांगेल," काका म्हणाले. "हिने सांगितलं खरं, पण घाईत. तू तिथे इतके दिवस होतास. ती जागा कशी होती ते नीट सांग मला. काही सोडू नकोस."

त्याच्या डोळ्यांसमोर तो मळका तारा होता, आणि तो दिवा, लागत-विझत. आयुष्यात पहिल्यांदा तो सांगितलेल्या जागी जाऊन आला होता. सांगण्यासारखं, खरं, स्वतः पाहिलेलं, एवढंच त्याच्यापाशी होतं. सगळे वाट बघत होते.

"कडं निळं होतं, काका," तो म्हणाला. "आणि एका जागी किंचित तुटलेलं."

"तुटलेलं?" काका खूश झाले. "हे हिने नाही सांगितलं."

पडद्यावर मावशींच्या नावापुढे छोटी लाल खूण उमटली. त्यांनी आपला माइक बंद केला होता. वाटाड्या सांगत राहिला.