कॅप्टन ट्रेगेन्झांचे खोटे पदक

मी एक जुने चांदीचे पदक आहे, मित्रांनो, आणि माझ्या फितीला बांधलेल्या चिठ्ठीवर ‘खोटे’ असे लिहिले आहे. चिठ्ठीवर विश्वास ठेवण्याआधी माझेही थोडे ऐका.

पहिले महायुद्ध संपल्यावर सरकारी टांकसाळीत माझा जन्म झाला. एका अंगाला राजाचा चेहरा, दुसऱ्या अंगाला घोडेस्वार. अशी माझी लाखो भावंडे. फरक एवढाच, की प्रत्येकाच्या कडेला एकेका सैनिकाचे नाव अक्षरांच्या ठशांनी ठोकलेले. माझ्या कडेला कॅप्टन विल्फ्रेड ट्रेगेन्झांचे नाव होते. बांबू आणि कापडाच्या विमानातून कॉर्नवॉलमधली आमची खाडी ओलांडणारा हा पहिला माणूस. युद्धात त्यांचे विमान जळाले. ते घरी आले नाहीत, मी आले.

वाईट दिवसांत त्यांच्या बायकोने, लव्हडेने, त्यांच्या सगळ्या वस्तू विकल्या. माझ्या जोडीचे दुसरे पदकही गेले. मला मात्र तिने कोणाला हात लावू दिला नाही. दर शनिवारी ती पॉलिश लावून मला घासायची.

“जिवंतपणी नवऱ्याचे बूट तरी एवढे चमकवलेस का गं?” शेजारची बर्था चिडवायची.

“बूट घरी टेकले असते तर चमकवले असते,” लव्हडे म्हणायची आणि आणखी जोराने घासायची.

नोव्हेंबरात युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी गावच्या दगडी क्रुसापाशी सगळे जमत, तेव्हा मी लेकीच्या, मोरवेनाच्या, छातीवर असे. उजव्या बाजूला, कारण डावी बाजू ज्याने पदक मिळवले त्याची. तिथे मी झळकायचे, आणि मला त्याचा फार गर्व होता.

पण अति तिथे माती. आधी राजाचे नाक गेले, मग घोड्याचे पाय. लव्हडे वारली तेव्हा मोरवेनाने मला खिडकीशी धरले, आणि तिला वडिलांचे नाव वाचता येईना. ती तिथेच बसून रडली. मग मला पेन्झन्सच्या एका सोनाराकडे घेऊन गेली.

“नाव पुन्हा घाला. चांगलं खोल. माझ्यामागेही वाचता आलं पाहिजे.”

त्याने माझी कड कानशीने साफ केली आणि वळणदार अक्षरांत नाव कोरले. मोरवेना इतकी खूश झाली, की तिने बसथांब्यावरच केशर घातलेले दोन गोड बन खाल्ले. करायला गेली एक आणि झाले भलतेच, हे तिला तेव्हा कोण सांगणार?

पुढे ती म्हातारी झाली. तिला मूलबाळ नव्हते. वृद्धाश्रमात जाण्याआधी ती मला पॅस्को नावाच्या गृहस्थांकडे घेऊन गेली. त्यांनी उभा जन्म कॅप्टनच्या वस्तू गोळा करण्यात घालवला होता. काचेच्या कपाटात कॅप्टनचा उडताना घालायचा चष्मा होता, एक हातमोजा होता, विमानाच्या पंख्याचा तुकडा होता. माझा विकला गेलेला जोडीदारही तिथेच होता, आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. मला वाटले, आले एकदाचे घरी.

पॅस्कोंनी भिंग लावले. त्यांचा चेहरा उतरला.

“बाई, हे नाव कोरलेलं आहे. सरकारी नाव ठोकलेलं असतं. कुणाचं तरी पदक घासून त्यावर हे घातलंय.”

“घासलं आम्हीच. माझी आई दर शनिवारी...”

“सगळे असंच सांगतात हो.”

माणूस वाईट नव्हता. दोनदा फसला होता. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. त्यांनी तिला चहा दिला. तो तिने तसाच थंड होऊ दिला.

“खोट्याचं काय करता तुम्ही?” तिने विचारले.

“खालच्या खणात ठेवतो. नवख्यांना ओळखायला शिकवतो.”

“मग तिथे ठेवा. त्यांच्या चष्म्याजवळ तरी राहील.”

जाताना तिने सवयीने माझ्या कडेवरून अंगठा फिरवायला घेतला, आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. त्याच हिवाळ्यात ती गेली.

आता पाहुणे आले की पॅस्को मला बाहेर काढतात. “बघा, फसवणूक अशी असते.” मला तोंड नाही. वर चष्मा, खाली मी, मध्ये एक फळी.

मित्रांनो, घरात अशी जुनी वस्तू असेल तर तिच्यावरची धूळ तेवढी कोरड्या फडक्याने झटका. काळी पडली तर पडू द्या. आणि ती कोणाची, हे सांगणारे माणूस असेल तर त्याला बसवून घ्या आणि शेवटपर्यंत ऐका. मोरवेना सांगायला लागली होती. तिचे वाक्य पुरे होण्याआधीच पॅस्कोंनी भिंग मिटून खिशात टाकले होते.