तिसऱ्या रविवारच्या आधी

वाटेवरची धूळ पिठासारखी बारीक होती आणि तिच्यात बुटाचा ठसा स्वच्छ उमटत होता. हेलन भावाच्या मागून चालत होती, म्हणून त्याचे ठसे तिला एकामागून एक दिसत होते. माणूस चालतो तेव्हा त्याची पावलं जवळजवळ एका रेषेत पडतात. ख्रिस्तोफरच्या डाव्या आणि उजव्या ठशात आडवं वीतभर अंतर पडत होतं. गेल्या उन्हाळ्यात, घरामागच्या कांद्याच्या रानात तिनं पाहिलं होतं, तेव्हा ते एवढं नव्हतं.

तिनं मान वर केली. कळसूबाईचं शिखर उन्हात पांढुरकं दिसत होतं.

"काय गं ताई, दमलीस? कॉलेजात लिफ्टनं जाती काय?"

"आमच्या कॉलेजात पंखा फिरला तरी पोरं टाळ्या वाजवत्यात. चल तू पुढं."

पहाटे अंधारातच दोघं न्हावऱ्याच्या घरून मोटारसायकलवर निघाली होती. आळेफाट्याला चहा घेताना त्यानं कप दोन्ही हातांनी धरला होता. थंडी वाजती, म्हणाला. मे महिन्यात.

दौंडच्या एंजलशी त्याचं लग्न ठरलं होतं. त्यांच्या चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार घोषणा होते. कुणाची हरकत असेल तर कळवावी, असं पाळकसाहेब म्हणतात, आणि बायका मागं वळून नवऱ्या मुलाकडं बघून हसतात. दोन घोषणा झाल्या होत्या. तिसरी उद्या होती. आणि एंजलला अजून काहीही सांगितलेलं नव्हतं.

त्यांचे वडील याकोब असेच पस्तिशीच्या आसपास अडखळायला लागले होते. चर्चमध्ये प्रभुभोजनाचा द्राक्षरस वाटताना त्यांच्या हातून प्याला सांडला. दुसऱ्यांदा सांडला तेव्हा पंचांनी त्यांना वाटायचं काम बंद करायला सांगितलं. याकोब प्यायला लागला, असं गाव म्हणालं. पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते फार उशिरा. मेंदूतला तोल सांभाळणारा भाग हळूहळू झिजतो, औषध नाही, मुलांमध्ये उतरण्याची शक्यता निम्मी. तोवर याकोबची जीभ इतकी जड झाली होती, की 'मी पीत न्हाई' हे वाक्यसुद्धा पिणाऱ्याच्या तोंडचं वाटायचं.

हेलन दौंडच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. असल्या आजारांचा तक्ता दरवर्षी फळ्यावर काढायची. तिनं स्वतःची तपासणी करून घेतली होती. तिच्यात काही निघालं नाही. त्या दिवसापासून ख्रिस्तोफरशी बोलताना तिला जीभ जड वाटायची. ती तपासणीचं काढी, तो 'लग्न झाल्यावर बघू' म्हणे. शेवटी वैतागून त्यानंच हे काढलं होतं. "कळसूबाई चढून दाखवतो. मग तर गप बसशील?"

ती हो म्हणाली होती. तो खरा ठरावा, असं तिलाही वाटत होतं.

तो चढलाही. लोखंडी शिड्यांवर त्याच्या हातांनी काम केलं. कारखान्यात वजनं उचलून दंड कमावलेले होते. वर देवळाच्या सावलीला बसून त्यानं दोन्ही हातांनी सरबताचा ग्लास धरला आणि एका दमात संपवला.

"बघ. आलो का न्हाई?"

"आलास."

"मग उद्या नवी साडी नेस आन् पहिल्या बाकावर बस. तोंड पाडून न्हाई."

"बरं."

त्यानं फोटो काढून एंजलला पाठवला. हेलन खालच्या वाटेकडं बघत राहिली. चढताना हात ओढून घेतात. उतरताना पायाला न बघता जागा सापडावी लागते. हे तिला हो म्हणतानाच माहीत होतं.

पहिल्याच शिडीवर ती आधी चार पायऱ्या उतरली आणि थांबली. ख्रिस्तोफर शिडीकडं तोंड करून वळला. त्याचा उजवा पाय खाली आला आणि हवेत पायरी शोधत राहिला. डावीकडं गेला, उजवीकडं गेला, पायरीच्या पलीकडं गेला. वर कॉलेजच्या पोरांची रांग लागली.

"ओ दादा, वर दुकान हाय व्हय? आम्हाला न्हाई घावलं!"

"भरदुपारी लावून आलाय गडी!"

हसण्याचा लोट खाली आला. हेलन दोन पायऱ्या परत चढली. तिनं भावाचा घोटा धरला आणि पाऊल पायरीवर ठेवलं. मग दुसरं. शिडी संपेपर्यंत ती असंच करत राहिली, लहानपणी त्याच्या पायात बूट चढवायची तशी.

खाली तो खडकावर बसला. पोरं शेजारून गेली. त्यातला एक जण थांबला. पोरगा भला वाटत होता.

"ताई, जपून न्या त्यांना. उन्हात पिऊ नये, चढती लय."

"मी पीत न्हाई," ख्रिस्तोफर म्हणाला.

शब्द किंचित जड आले. तहानेनं असेल. पोरानं हेलनकडं बघितलं, समजूतदारपणे मान हलवली आणि तो निघून गेला.

ख्रिस्तोफरनं ते बघितलं.

"पप्पा असंच म्हणायचे," तो म्हणाला. "आन् मी बी हसायचो, पोरांबरोबर."

हेलननं पाण्याची बाटली उघडून त्याच्या हातात दिली आणि सांडू नये म्हणून बूड धरून ठेवलं.

त्याचा फोन वाजला. एंजलनं फोटोला उत्तर पाठवलं होतं: आपण दोघं जाऊ तेव्हा मला हात धरून न्यायचं. त्यानं ते वाचलं आणि फोन ताईपुढं धरला. तिनंही वाचलं.

खाली पायथ्याचं बारी गाव उन्हात पडलं होतं, अजून पुष्कळ लांब. मधे आणखी शिड्या होत्या.

"ताई," तो म्हणाला, "गाडी तू चालव. न्हावऱ्याला नको, सरळ दौंडला घे. एंजलला मीच सांगतो. आन् उद्याची घोषणा वाचायची न्हाई."